निधनवार्तेत राहून गेलेला शब्द

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आमच्या मास्तरांच्या निधनाची बातमी आली. पाच-सहा ओळींची. फेटा बांधलेला फोटो, वय ७९, 'माजी सैनिक', 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाचे म्हणून परिचित', पश्चात पत्नी, दोन मुले, मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार. यातलं काहीच चूक नाही. पण हा माणूस २८ वर्षं फौजेत काय करत होता आणि परत आल्यावर ३४ वर्षं आमच्यासारख्यांना काय देत होता, ते त्यात कुठंच नाही. मास्तर बँडमास्तर होते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं आखूड पितळी वाद्य, घेऊन उभे राहिले आणि सुभेदार बँडमास्तर होऊन बाहेर पडले. बातमीत 'बँड' हा शब्द नाही, 'वादक' नाही, 'संगीत'ही नाही.

ही चूक आपली नाही. मजकूर घरूनच लिहून आला होता, हे मी विचारून खात्री करून घेतलं. घरच्यांवरही माझा राग नाही. तो शब्द का गळाला ते मला चांगलं माहीत आहे आणि पुढं सांगणारही आहे. मास्तरांचं नाव बातमीत येऊन गेलेलं आहे. मी मात्र इथं मास्तरच लिहितो, कारण इतक्या वर्षांत मी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही.

मी अंबाजोगाईचा. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. पथक वडिलांनी उभं केलं, आता मी चालवतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारं. आजोबा हलगी आणि सनई, वडील आणि चुलते बँड. पखवाजासाठी आमच्या भागाचं नाव दूरवर गेलं, शंकरबापू आपेगावकरांमुळं. पण वरातीत वाजवणाऱ्याची जागा गावात कुठं असते, हे मराठवाड्यातल्या वाचकाला मी वेगळं सांगायला नको.

मास्तरांची आणि आमची गाठ पडली १७ सप्टेंबर १९९१ ला. आपल्याकडं या दिवसाचं झेंडावंदन मोठं. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी, १९४८ साली याच दिवशी आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो. तालुक्याच्या झेंडावंदनाला आमचं पथक राष्ट्रगीत वाजवायचं. मी तेव्हा १९ वर्षांचा होतो. आम्ही वाजवलं, टाळ्या झाल्या, चहा आला. गर्दीतून एक ताठ पाठीचा, बारीक मिशीचा माणूस आला आणि वडिलांना म्हणाला, "किती वेळ वाजवायलाव?" वडिलांना प्रश्नच कळला नाही. त्या माणसानं मनगटातलं घड्याळ दाखवलं. "एक मिनिट दहा सेकंद झाले. ५२ पाहिजेत."

माझे चुलते 'जय हे'वर एक मुरकी घ्यायचे. ती आमच्या घरात पिढीजात होती आणि लोकांना आवडायची. मास्तर त्यांना म्हणाले, "मुरकी लई सुंदर आहे. वरातीत घ्या. इथं नको." एवढंच बोलून ते गेले. चुलते दिवसभर गप्प होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मास्तर सायकलवर आमच्या वस्तीत आले. ते शेतकरी घरातले, गावात मान असलेले, वर फौजेतले सुभेदार. आमची शेड म्हणजे चार लाकडी खांब आणि पत्रे. आई तांब्या भरून दारात उभी राहिली आणि द्यावा की नाही या विचारात तशीच थांबली. मास्तरांनी हात पुढं केला, तांब्या घेतला, वरून न ओतता तोंड लावून पाणी प्याले आणि विचारलं, "अजून आहे का?" १९९१ साली आमच्या भागात ही साधी गोष्ट नव्हती. आई वारली तोपर्यंत ती हे सांगत होती.

मग त्यांनी कोळसा मागितला आणि पत्र्यावर पाच आडव्या रेघा ओढल्या. "पाच रेघा, मधे चार घरं. वरच्या घरात राहतो त्याचा आवाज उंच, खालच्या घरात राहतो त्याचा ढाला." आमच्यात कुणालाही लिहिलेलं संगीत वाचता येत नव्हतं. सगळं कानानं. रेडिओवर ऐकायचं आणि बोटांना सांगायचं. मास्तरांनी आईला ज्वारीची एक भाकरी मागितली आणि ती सगळ्यांसमोर धरली. "ही अख्खी भाकरी. हिला चार टाळ्या." चार टाळ्या वाजवून घेतल्या. भाकरी मोडली. "ही अर्धी. दोन टाळ्या." अर्धीचे दोन केले. "ही चतकोर. एक टाळी." चतकोर मोडली. "आणि ही नितकोर. टाळी पडायच्या आत दोन नितकोर खायच्या." फौजेत यांना सेमीब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर म्हणतात. ती नावं आम्ही पुढं पाठ केली, पण आमच्या शेडमध्ये आजही चालते ती भाकरीच. एखाद्यानं सुराची वेळ चोरली की साईड ड्रमवाला ओरडतो, "नितकोर खाल्ली!" ही पद्धत पुस्तकात नाही. माझ्या पुतण्याला मी तशीच शिकवली आणि अर्ध्या तासात त्याला कळलं.

तीन-चार महिने रोज सकाळी एक तास. शेतातून आलेले, वीटभट्टीवरून आलेले, रात्रीच्या वरातीतून थेट आलेले असे आम्ही चौदा जण. मास्तर घड्याळ काढून खांबाला टांगायचे. २६ जानेवारी १९९२ ला आम्ही राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हा गर्दीतून त्यांनी पाच बोटं आणि मग तीन बोटं दाखवली. ५३. पुढच्या १७ सप्टेंबरला ५२ झाले. तेव्हापासून आजपर्यंत ५२ आहेत. लोक म्हणतील एका सेकंदानं काय होतं. मास्तर म्हणायचे, सगळा गाव सावधान उभा आहे, म्हातारी माणसं आहेत, त्यांना आपण किती वेळ उभं करतो ते आपल्याला माहीत पाहिजे.

परळी रस्त्यावर पहाटे चुन्याच्या रेघा मारून त्यांनी आमची पावलं बसवली. ३० इंचांचं एक पाऊल, मिनिटाला १२०. त्यावर वाद्य तोंडाला लावून चालायचं, म्हणजे खड्डा आला तरी ओठावरचं माउथपीस हलता कामा नये.

त्यांच्या हातातल्या छडीबद्दल सांगितलं पाहिजे. फौजेतली त्यांची छडी पेटीत कापडात गुंडाळलेली होती, ती त्यांनी आम्हाला एकदाच दाखवली. आमच्यासमोर ते तुराटी वापरायचे. शेतातून सरळ बघून तोडलेली तुराटी सावलीत वाळवायची, साल सोलायची, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत करायची, आणि बुडाला बाटलीचं बूच बसवायचं, म्हणजे तळहातात गोल बसतं. वजन काहीच नाही. ते म्हणायचे, जड छडी धरली की हात थकतो आणि थकलेला हात लय ओढतो. झांजवाल्याची पाळी यायच्या दोन टाळ्या आधी ते त्याच्याकडं नुसते बघायचे. तेवढ्यानं तो सावध व्हायचा. चूक झाली तर वाजवणं कधी मधे तोडलं नाही. तुकडा संपला की चुकणाऱ्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगायचे, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं. माझ्या वडिलांनी आम्हाला शिव्या देऊन शिकवलं होतं, आणि वडिलांनीही पुढं शिव्या देणं सोडलं.

मास्तर १९६३ ला १७ व्या वर्षी भरती झाले. भरतीत त्यांचे पुढचे दात आणि ओठ तपासले, कारण पितळी वाद्याला तेच लागतात. मॅट्रिकही न झालेला हा मुलगा. लष्कराचं संगीताचं शिक्षणकेंद्र सातपुड्यात पचमढीला आहे, १९५० पासून. बँडमास्तर व्हायचं तर तिथला कोर्स करावा लागतो. प्रत्येक वाद्य थोडं तरी वाजवता आलं पाहिजे, एका चालीवरून वीस जणांचे वेगवेगळे भाग लिहिता आले पाहिजेत, आणि सगळी पुस्तकं इंग्रजीत. मास्तरांनी एका हातात शब्दकोश धरून ती वाचली. त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. समासात शाईनं मराठी अर्थ लिहिलेले, अक्षर मोत्यासारखं. त्याच विद्येतून त्यांनी आम्हाला 'जय जय रामकृष्ण हरी' चार आवाजांत बांधून दिलं. शेगावहून पंढरीला जाणारी गजानन महाराजांची पालखी अंबाजोगाईत येते, तेव्हा आम्ही ते वाजवतो. खालचा ढाला सूर युफोनियमचा, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या पितळी वाद्याचा. ते युफोनियम मास्तरांनी स्वतः मेरठला जाऊन, जली कोठीच्या बाजारात दुकानं फिरून, प्रत्येक वाद्यात फुंकून निवडून आणलं. तेहतीस वर्षं झाली, एकदाही पिस्टन अडकलेला नाही.

४ फेब्रुवारीला मास्तर पदकं लावून शेडमध्ये यायचे. तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो दिवस, मराठा लाइट इन्फंट्री हा आपला दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी 'कदम कदम बढाये जा' वाजवायचं आणि मग ते दरवर्षी तेच विचारायचे, "चाल कुणाची?" नवीन पोरगा असला की गप्प बसायचा. मग मास्तर सांगायचे: कॅप्टन राम सिंह ठाकुरी. धरमशाळेकडचे गोरखा, आझाद हिंद सेनेत होते, नेताजींनी त्यांना व्हायोलिन दिलं होतं. २००२ साली लखनौला वारले. "गाणं सगळ्या देशाला पाठ आहे," मास्तर म्हणायचे, "चाल बांधणारा बँडवाला कुणाला माहीत नाही." राम सिंहांचं नाव त्यांनी आमच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहून ठेवलं होतं. ते अजून आहे.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो, ते.

पुष्कळांना वाटतं की फौजेतला बँड म्हणजे परेडची शोभा, लढाईशी त्याचा संबंध काय? गावात मास्तरांना हे तोंडावर विचारणारे होते. "तुम्ही लढाईत काय वाजवत होतात का?" लढाई सुरू झाली की बँडवाले वाद्यं मागं ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. जखमींना गोळीबारातून मागं आणणं हे त्यांचं काम. मास्तर १९७१ च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर होते. त्याबद्दल ते बोलायचे नाहीत. मी एकदाच फार मागं लागलो, तेव्हा म्हणाले, "माणूस जिवंत असला की जड लागत नाही." आणि उठून गेले.

याचा अर्थ मला १९९३ ला कळला.

२९ सप्टेंबरला गणपती विसर्जन होतं. आम्ही मध्यरात्रीनंतर परत आलो आणि गणवेशातच शेडमध्ये आडवे झालो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मला जाग आली ती आवाजानं. खांबाला टांगलेल्या झांजा आपोआप वाजत होत्या. उजाडल्यावर किल्लारीकडची बातमी आली. आठच्या सुमाराला मास्तर एका ओळखीच्याचा टेम्पो घेऊन दारात. "आठ जण चला. मांडवाचे बांबू घ्या, रिकामी पोती घ्या, सुतळी घ्या." गणपतीचा मांडव अजून उभाच होता. आम्ही तो उतरवला. वाटेत चालत्या टेम्पोत मास्तरांनी पोत्यांच्या बुडाचे कोपरे विळ्यानं कापले, त्यातून दोन बांबू ओवले, दोन पोती तोंडाला तोंड लावून बसवली. स्ट्रेचर झालं. पोचेपर्यंत पाच झाली.

किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात आम्ही उतरलो. तिकडची जुनी घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं होती तिथंच बसली होती. त्या गावात मी काय पाहिलं ते सगळं मी लिहिणार नाही.

पहिली बाई आम्ही चौघांनी उचलली. मांडी मोडलेली होती. आम्ही निघालो आणि न सांगता चौघांचं पाऊल एक झालं. दोन वर्षं तेच तर शिकलो होतो, परळी रस्त्यावरच्या चुन्याच्या रेघांवर. दहा पावलं गेलो असू, बाई किंचाळायला लागली. मास्तर पलीकडच्या ढिगाऱ्यावरून ओरडत आले, "पाऊल मोडा! अरे, पाऊल मोडा!" आम्हाला कळेना. त्यांनी माझ्याकडचं बांबूचं पुढचं टोक हातात घेतलं आणि दाखवलं. चौघांचं पाऊल एकदम पडलं की बांबू लवतात, पोतं झुलतं, आणि प्रत्येक झोक्याला मोडलेलं हाड हाडावर घासतं. एकानं डावा पाय टाकला तर दुसऱ्यानं उजवा. गुडघे थोडे वाकलेले, पाऊल छोटं, जमिनीलगत. चढ आला तर डोकं पुढं, एरवी पाय पुढं. आम्ही परत निघालो. पोतं हललं नाही. बाई डोळे मिटून पडून राहिली.

ज्या माणसानं आम्हाला एका पावलानं चालायला शिकवलं, तो दोन दिवस आमच्या मागून ओरडत होता, पाऊल मोडा, पाऊल मोडा. मला अजून झोपेत तो आवाज येतो. किती जणांना उचललं ते आम्ही मोजलं नाही. सगळे जिवंत नव्हते. जिवंत असला की जड लागत नाही, हे मास्तरांचं म्हणणं तिथं माझ्या खांद्यांना कळलं.

लष्कराच्या तुकड्या येऊन पोचल्यावर एक तरुण अधिकारी आमची स्ट्रेचरं बघत उभा राहिला. मग त्यानं मास्तरांना विचारलं, "आप मेडिकल में थे?" मास्तर चिखलानं भरलेले, दोन दिवस दाढी नाही. त्यांनी टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "नहीं साहब. बँड."

तो 'बँड' मी ऐकलेला आहे, संपादक महोदय. म्हणून हे पत्र.

आता शब्द का गळाला ते. मास्तर निवृत्त होऊन आले तेव्हाच भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, "फौजेत होतो म्हण. बँडात होतो म्हणायची काय गरज?" पोरांच्या सोयरिकी जमवायच्या होत्या. वाजवणं हे कुणाचं काम, हे आपल्याकडं जन्मानं ठरलेलं. त्यात मास्तर रोज आमच्या वस्तीत येत होते, त्यावरून घरात कटकटी झाल्या, हे आम्हाला उशिरा कळलं. मुलांच्या लग्नपत्रिकांवर 'निवृत्त सुभेदार' एवढंच छापलं गेलं. तीच सवय निधनाच्या बातमीपर्यंत आली. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. मास्तरांच्या हयातीत आम्हीही कधी बोललो नाही. आम्ही बोललो असतो तर मास्तरांनाच त्रास झाला असता.

पण मास्तर स्वतः हा शब्द कधी लपवत नव्हते. दर २९ जानेवारीला शेडमध्ये टीव्ही लावून ते आम्हाला दिल्लीच्या विजय चौकातला बीटिंग रिट्रीटचा सोहळा दाखवायचे. बायका-पोरं सगळी जमायची. कोणत्या रांगेत कोणतं वाद्य आहे ते छडीनं पडद्यावर दाखवायचे आणि सांगायचे, "मी इथं उभा होतो, या खांबापासून तिसरा." 'अबाइड विथ मी' ही गांधीजींची आवडती प्रार्थना तिथं शेवटाकडं वाजायची. २०२२ ला ती कार्यक्रमातून गेली. मास्तरांनी त्यावर काही मत दिलं नाही. टीव्ही बंद केला, वही काढली आणि आमच्याकडून ती एकदा वाजवून घेतली. चाल अगदी संथ आहे. मास्तर म्हणाले, जलद वाजवणाऱ्याला दम लागतो, सावकाश वाजवणाऱ्याला धीर लागतो. त्या संध्याकाळी माझा दम दोनदा तुटला.

शेवटची दोन वर्षं त्यांना चालवत नव्हतं. दातही गेले होते, त्यामुळं कॉर्नेट बंद. आम्ही रविवारी त्यांच्या गावी, मांजरा धरणाच्या पाण्याकाठी जायचो आणि ओसरीवर वाजवायचो. ते बाजेवर पडून एक बोट हलवायचे.

वारले त्या दिवशी आमची सुपारी होती. ती मी परत केली आणि सगळे गणवेश घालून गेलो. तालुक्यातले माजी सैनिक पुष्पचक्र घेऊन आले होते. आम्हाला एकानं बाजूला घेऊन सांगितलं की मयतीला बँड बरा दिसत नाही. आम्ही बांधावर मागं उभे राहिलो. कुणीतरी म्हणालं, ते बिगुलाचं मोबाइलवर लावू, स्पीकर आहे. तेवढ्यात काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, बायकांतून उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तो बिगुलवाला पोरगा कुठाय? त्याला म्हणावं, फुडं ये."

तो माझा पुतण्या, १६ वर्षांचा. मास्तरांनी ओसरीवर शिकवलेला शेवटचा विद्यार्थी. बिगुलही मास्तरांचाच, कडेला एक पोचा आलेला. बिगुलाला कळ नसते, पिस्टन नसतो. जे काही आहे ते ओठांत. त्यातून पाचच सूर निघतात, आणि त्या पाचांत 'लास्ट पोस्ट' वाजवायचं. फौजेत दिवस संपला की वाजतं तेच, आणि माणूस गेला की वाजतं तेच. पोरगा चितेपासून सहा पावलांवर उभा राहिला. जीभ ओठांवरून फिरवली. सुरुवात चांगली झाली. मधे जिथं सूर वरच्या टोकाला जातो, तिथं तो फुटला. सगळ्यांना कळलं. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठ थरथरत होते.

मास्तरांनी त्याला सांगून ठेवलेलं होतं: सूर फुटला तर त्याच्यामागं धावायचं नाही, पुढचा सूर त्याच्या वेळेला घ्यायचा. त्यानं पुढचा सूर त्याच्या वेळेला घेतला. नंतरचा घेतला. शेवटचा लांब सूर त्यानं अख्खी भाकरी धरला, चार टाळ्या, मी मनात मोजल्या. पाण्यापलीकडच्या टेकाडावरून तो परत ऐकू आला. बांधावर आमच्यातला झांजवाला तोंडात फडकं धरून उभा होता.

अंत्यविधी झाल्यावर त्या माजी सैनिकांपैकी एका वृद्ध हवालदारांनी पोराचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कुणाकडं शिकलास?" पोरानं चितेकडं बोट केलं.

माझी विनंती छोटी आहे. आपण त्याच पानावर, त्याच जागी एक दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर माझं हे पत्र हवं तेवढं कापा, नाहीतर छापूच नका. दुरुस्ती मात्र छापा. मजकूर मी काल मास्तरांच्या घरी जाऊन, थोरल्या मुलाला विचारून लिहिला आहे. काकूंना वाचून दाखवला. त्यांनी एकच शब्द वाढवायला सांगितला, तो घातला आहे. मजकूर असा:

'कैलासवासी हे मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त सुभेदार बँडमास्तर व कॉर्नेटवादक होते.'

यातला 'कॉर्नेटवादक' हा शब्द काकूंचा आहे.

आपला,
एक क्लॅरनेटवादक
अंबाजोगाई, जि. बीड